मोटारीचे पेट्रोल विमानात चालेल काय?

(संस्थेच्या वार्षिक समारंभानिमित्त औंढा नागनाथ येथे पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



 

आजचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर वाचून काही पालकांच्या मनात सहजच आले असेल की, ज्या गावाला विमानतळ नाही तेथे विमानाच्या पेट्रोलाची चर्चा कशासाठी? शंका रास्त आहे. तिची दोन उत्तरे आहेत.

पहिले उत्तर असे की, औंढ्याचे नाव आजवर देशाला ज्योतिर्लिंगामुळे ठाऊक होते. आता ते विज्ञानाच्या नकाशावरही आले आहे. येथून जवळच दुधाळा परिसरात गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी करण्याचे ठरले. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली आणि ११ मे २०२३ रोजी तिची कोनशिला बसविण्यात आली. या वेधशाळेला चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या लागतात आणि त्यांच्या आतली हवा काढून टाकावी लागते. किती? तर आत उरणारा दाब बाहेरच्या हवेच्या एक लाख कोटीव्या भागाएवढाच असावा. म्हणजे डोळ्यांना न दिसणारी अशुद्धी दूर ठेवणे हेच तेथले मोठे काम. ते काम कोणी तरी माणसेच करणार, आणि ती माणसे आपल्या शाळांतून का जाऊ नयेत?

दुसरे उत्तर असे की, आजचा विषय वरवर विमानाचा दिसला तरी आत तो सचोटीचा आहे. टाकीत काय आहे हे वर बसलेल्याला दिसत नाही. ज्याने ती भरली त्याच्या इमानावर तो उडतो. ही गोष्ट मुलांना लहानपणीच समजली पाहिजे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. लहान विमानाचे इंजिन आणि मोटारीचे इंजिन यांचे तत्त्व एकच. सिलिंडरमध्ये पेट्रोल व हवा यांचे मिश्रण दाबले जाते, ठिणगी पडते, मिश्रण जळते आणि पिस्टन ढकलला जातो. मोठी प्रवासी विमाने जेट इंजिनावर चालतात आणि त्यांचे इंधन रॉकेलच्या जातीचे असते. त्यांची गोष्ट वेगळी. पण दोन-चार माणसांची छोटी विमाने, जी शिकाऊ वैमानिक चालवितात, ती बहुतेक पेट्रोलवरच चालतात. त्यांच्यासाठी एव्हगॅस नावाचे खास पेट्रोल असते. ते महाग पडते आणि ठराविक ठिकाणीच मिळते. मग गावच्या पंपावरचे पेट्रोल डब्यात भरून विमानात घातले तर बिघडले कोठे?

उत्तर थोडक्यात असे: काही विमानांत ते चालते, काहींत चालत नाही, आणि जेथे चालते तेथेही ते कोरडे, स्वच्छ व ओळखीचे असेल तरच चालते. हे तीन शब्द लक्षात ठेवा. पुढचे सारे विवेचन त्यांचेच आहे.

विमानविद्येच्या बालपणी असा भेदच नव्हता. राइट बंधूंनी १९०३ साली जे विमान उडविले त्याचे इंजिन सुमारे १२ अश्वशक्तीचे होते आणि ते त्या काळच्या साध्या पेट्रोलवर चालले. आपल्याकडे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू धावपट्टीपर्यंत टपाल आणले, ते पस मॉथ नावाच्या छोट्या विमानातून. अहमदाबादेस त्यांच्या विमानाला लागणारे पेट्रोल बर्मा शेल कंपनीच्या बैलगाडीतून, डब्यांत भरून आले होते. भारतीय टपाल विमानसेवेचा आरंभ असा बैलगाडीच्या साह्याने झाला, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये. डब्यातले पेट्रोल विमानात ओतणे हा त्या काळी नित्याचा प्रकार होता; मात्र ते बारीक जाळीच्या गाळणीतून किंवा मऊ चामड्याच्या फडक्यातून गाळून ओतण्याची शिस्त होती. चामडे पेट्रोलने भिजले की पेट्रोल खाली जाऊ देते आणि पाणी अडविते. साधीच युक्ती, पण तिने अनेकांचे प्राण वाचविले.

पुढे इंजिने शक्तिमान झाली, मिश्रण अधिक दाबले जाऊ लागले आणि एक नवा त्रास सुरू झाला. ओझ्याने भरलेली मोटारसायकल वरच्या गिअरमध्ये घाटात चढवली की इंजिनातून टकटक आवाज येतो, तो तुम्ही ऐकला असेल. पेट्रोल ठिणगीने सुरेख जळण्याऐवजी दाबामुळे आपोआप भडकते, त्याचा तो आवाज. ही ठोक मोटारीत त्रासदायक असते. विमानात ती पिस्टन भाजून काढू शकते, कारण विमानाचे इंजिन तासन् तास जवळपास पूर्ण ताकदीने चालत असते. ठोक सहन करण्याच्या गुणाला ऑक्टेन अंक म्हणतात. १९२१ साली अमेरिकेत टॉमस मिजली या संशोधकाला असे आढळले की, शिशाचे एक संयुग पेट्रोलात घातले की ठोक थांबते. तेव्हापासून पेट्रोलात शिसे आले आणि विमानाचे पेट्रोल हळूहळू मोटारीच्या पेट्रोलापासून वेगळे झाले.

आज एव्हगॅसचा जो प्रकार सर्वत्र चालतो तो १०० ऑक्टेनचा, ‘कमी शिशाचा’ म्हणून ओळखला जाणारा, निळ्या रंगाचा. आपल्या पंपावरील साध्या पेट्रोलाचा अंक ९१. पण हे दोन आकडे सरळ शेजारी ठेवू नयेत. ९१ हा सौम्य कसोटीवरचा आकडा आहे. कडक कसोटीवर तेच पेट्रोल ८१ च्या आसपास येते. एव्हगॅसचा १०० हा कडक कसोटीवरचा. परीक्षा वेगळी असेल तर गुणांची तुलना करता येत नाही, हे विद्यार्थ्यांना समजावून सांगायला नको.

मग मोटारीचे पेट्रोल कोणत्या विमानात चालते? सेसना १५० हे जगभर हजारोंनी बनलेले शिकाऊ विमान घ्या. त्याचे १०० अश्वशक्तीचे इंजिन मुळात ८० ऑक्टेनच्या पेट्रोलासाठी आखलेले होते. अमेरिकेत ते जुने पेट्रोल मिळेनासे झाले, तेव्हा तेथील हौशी वैमानिकांच्या ‘एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ या संघटनेने मोटारीच्या पेट्रोलावर चाचण्या घेतल्या आणि १९८२ साली या विमानासाठी सरकारी मान्यता मिळविली. दुसरे उदाहरण रोटॅक्स या ऑस्ट्रियन कंपनीच्या ९१२ मालिकेच्या इंजिनांचे. ही मुळातच शिसेरहित मोटार पेट्रोल चालेल अशी आखलेली आहेत; उलट शिशाचे एव्हगॅस सतत वापरले तर आत थर साचतात आणि तेल लवकर बदलावे लागते. एन.सी.सी.च्या हवाई शाखेतील छात्रांसाठी स्लोव्हेनियातील पिपिस्ट्रेल कंपनीची ‘व्हायरस’ ही छोटी विमाने घेण्याचा करार २०१५ साली झाला. त्यांतही रोटॅक्सच इंजिन आहे. तेव्हा मोटारीचे पेट्रोल विमानात चालणे हा चमत्कार नव्हे. पण इंजिन बनविणाऱ्याने आणि विमान मंजूर करणाऱ्या सरकारी खात्याने ज्याला परवानगी दिली तेच इंधन, तेवढेच, घालावे हा नियम आहे. ‘चालून जाईल’ हा शब्द विमानाच्या पुस्तिकेत नसतो.

ऑक्टेनचा प्रश्न सुटला तरी आणखी तीन अडचणी उरतात: वाफ, अल्कोहोल आणि पाणी.

प्रथम वाफ. उंच डोंगरावर डाळ शिजायला वेळ लागतो, कारण तेथे हवेचा दाब कमी आणि पाणी कमी तापमानालाच उकळते. पेट्रोलचेही तसेच. दहा हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे सत्तर टक्केच उरतो. मोटारीचे पेट्रोल थंड इंजिन चटकन सुरू व्हावे म्हणून लवकर वाफ होणारे बनवितात. एव्हगॅस त्या मानाने मंद. आता आपल्या मराठवाड्यातला मे महिना डोळ्यांपुढे आणा. उन्हात तापलेले विमान, तापलेली टाकी, तापलेली नळी. असे विमान वर चढले की नळीतच पेट्रोलची वाफ होते, बुडबुडा अडकतो आणि इंजिनाला इंधन पोचत नाही. टाकी भरलेली आणि इंजिन उपाशी! यासाठी नळ्या इंजिनाच्या उष्णतेपासून दूर ठेवणे, पंपाची जोड देणे, विमान सावलीत उभे करणे हे उपाय आहेत. आणि काही विमानांत एवढ्यावर भागत नाही म्हणून परवानगीच मिळत नाही.

दुसरी अडचण अल्कोहोलची. शब्द अरबीतून आला आहे, ‘अल्-कुह्ल’ म्हणजे डोळ्यांत घालायचा सुरमा. पुढे रसायनाच्या भाषेत त्याचा अर्थ बदलत गेला. आपल्या वसमतकडचा ऊस कारखान्यात जातो, साखर निघते, मळी उरते आणि मळीपासून इथेनॉल हे अल्कोहोल बनते. देशाचे परकीय चलन वाचावे आणि ऊस उत्पादकाला दोन पैसे मिळावेत म्हणून ते पेट्रोलात मिसळण्याचे सरकारी धोरण आहे. २०२२ च्या जूनपर्यंत हे प्रमाण देशात सरासरी १० टक्क्यांवर गेले आणि फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले. मोटारीच्या दृष्टीने त्याच्या बऱ्यावाईटाची चर्चा येथे करीत नाही. छोट्या विमानाला मात्र ते बहुधा वर्ज्य. अमेरिकेतील १९८२ च्या त्या परवानग्यांत इथेनॉल मुळीच नको अशी अट आहे. रोटॅक्स ९१२ ची मर्यादा १० टक्क्यांची आहे. म्हणजे वीस टक्क्यांचे पेट्रोल दोघांच्याही कक्षेबाहेर गेले.

असे का? इथेनॉल जुन्या रबरी नळ्या व चकत्या फुगविते, फायबरच्या टाकीचे राळ मऊ करते. लिटरमागे त्यात पेट्रोलच्या दोन-तृतीयांश एवढीच उष्णता असते, म्हणून पल्ला घटतो. पण सर्वांत वाईट सवय म्हणजे त्याला पाण्याचा लोभ आहे. ते हवेतील ओल शोषून पोटात ठेवते. जमिनीवर असे पेट्रोल काचेसारखे स्वच्छ दिसते. विमान वर गेले की दर हजार मीटरला सुमारे साडेसहा अंशांनी थंडी वाढते. थंड पेट्रोलाला तेवढे पाणी पोटात ठेवता येत नाही. मग ते गढूळ होते आणि पाणी व इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसतात. तळाच्या थरावर इंजिन चालत नाही आणि वर उरलेल्या पेट्रोलाचा ऑक्टेन अंकही घसरलेला असतो. खाली तपासलेली वस्तू वर गेल्यावर दुसरीच होते.

पेट्रोलात इथेनॉल आहे की नाही हे ओळखण्याची सोपी कसोटी आहे. शंभर मिलिलिटरच्या मोजनळीत आधी दहाच्या खुणेपर्यंत पाणी घ्या, मग शंभरपर्यंत पेट्रोल भरा, बूच लावून हलवा आणि स्थिर होऊ द्या. पेट्रोल शुद्ध असेल तर पाणी दहाच्याच खुणेवर राहील. इथेनॉल असेल तर ते पेट्रोल सोडून पाण्यात उतरेल आणि खालचा थर वाढलेला दिसेल. विज्ञानाच्या शिक्षकांनी हा प्रयोग वरच्या वर्गांना अवश्य दाखवावा. मात्र मोकळ्या हवेत, ज्योतीपासून दूर, आणि स्वतःच्या हाताने. मुलांनी घरी करू नये.

तिसरी आणि सर्वांत जुनी अडचण निव्वळ पाण्याची. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके, म्हणून पाणी तळाशी बसते. ते येते कोठून? टाकीचे झाकण सैल असेल तर पावसातून. जुन्या ड्रममधून. आणि कोणी काही न करता, हवेतूनसुद्धा. टाकी अर्धी रिकामी असली की तिच्यात हवा भरलेली असते; रात्री गारठा पडला की हवेतली ओल टाकीच्या भिंतीवर दवासारखी जमते आणि ओघळून खाली जाते. म्हणून विमान संध्याकाळी उभे करतानाच टाकी भरून ठेवण्याची पद्धत आहे. हवेला जागाच नको.

आणि सकाळी पहिल्या उड्डाणापूर्वी टाकीच्या सर्वांत खालच्या तोटीतून काचेच्या भांड्यात थोडे पेट्रोल काढून पाहतात. भांडे उजेडाकडे धरायचे, तळाशी थेंब आहे का पाहायचे, गाळ व गंज पाहायचा, रंग पाहायचा, वास घ्यायचा. येथे एक फसगत होते, ती सांगून ठेवतो. भांड्यात थोडे पाणी असेल तर थराची रेघ दिसते. पण सारे भांडेच पाण्याने भरले असेल तर रेघ दिसत नाही आणि घाईतला माणूस म्हणतो, वा, किती स्वच्छ! म्हणून रंग आणि वास यांची साक्ष घ्यावीच लागते. एव्हगॅसला निळा रंग दिला आहे तो शोभेसाठी नव्हे.

मोटारसायकलच्या कार्बोरेटरात चमचाभर पाणी गेले तर गाडी बंद पडते. माणूस खाली उतरतो आणि ढकलीत गॅरेजपर्यंत नेतो. आकाशात रस्त्याची कड नसते. शिवाय हे पाणी दगा देते तेही नेमक्या वेळी. जमिनीवर इंजिन झकास चालते, कारण नळीत उरलेले पेट्रोल चांगले असते. विमान सुटते, नाक वर होते, टाकीतले पाणी हलून नळीच्या तोंडाशी येते आणि इंजिन थांबते तेव्हा विमान झाडांच्या उंचीवर असते.

मोठ्या विमानांनाही यातून सुटका नाही. १७ जानेवारी २००८ रोजी बीजिंगहून लंडनला येणाऱ्या ब्रिटिश एअरवेजच्या बोइंग ७७७ विमानाची दोन्ही इंजिने धावपट्टीच्या अगदी जवळ येऊन मंदावली. इंधन नियमाप्रमाणेच होते. पण त्यातल्या अत्यल्प पाण्याचे थंडीत बर्फ झाले आणि त्याने वाट अडविली. विमान धावपट्टीच्या अलीकडेच टेकले. आतील सर्व १५२ जण वाचले. १३ एप्रिल २०१० रोजी इंडोनेशियातील सुराबायाहून हाँगकाँगला निघालेल्या कॅथे पॅसिफिकच्या विमानात तर विमानतळावरच्या भूमिगत नळांतून खारे पाणी इंधनात शिरले. पाणी अडविण्यासाठी जी गाळणी होती तिच्यातलेच रसायन त्या पाण्याने बिघडले आणि त्याचे बारीक गोळे इंजिनाच्या यंत्रणेत अडकले. एक इंजिन जवळपास बंद, दुसरे मोठ्या वेगावर अडकलेले, अशा स्थितीत वैमानिकांनी ताशी चारशे किलोमीटरहून अधिक वेगाने विमान उतरविले. तेथेही सारे ३२२ जण बचावले. आपल्या देशात १२ जून २०२५ रोजी अहमदाबादेस विमानाचा भीषण अपघात झाला, तेव्हाही ज्या टाक्यांतून व गाड्यांतून त्याला इंधन दिले गेले त्यांतील नमुने तपासण्यात आले आणि ते समाधानकारक असल्याचे प्राथमिक अहवालाने नमूद केले. अपघात झाला की इंधनाचा नमुना तपासला जातोच. यावरून भरणाऱ्याच्या जबाबदारीचे वजन लक्षात यावे.

पाणी आणि गाळ यांच्याशिवाय तिसरी चूक म्हणजे चुकीचे इंधन. बॉब हूव्हर हे अमेरिकेतले नामांकित कसरतपटू वैमानिक. त्यांच्या पेट्रोलवर चालणाऱ्या दोन इंजिनी विमानात एका तरुण कामगाराने चुकून जेटचे इंधन भरले. विमान वर गेले आणि दोन्ही इंजिने बंद पडली. हूव्हर यांनी कौशल्याने ते दरीत उतरविले. सारे वाचले, विमान मोडले. परतल्यावर त्यांनी त्या घाबरलेल्या मुलाला शिव्या दिल्या नाहीत. हा मुलगा आता ही चूक पुन्हा करणार नाही, असे म्हणून दुसऱ्या दिवशी आपल्या दुसऱ्या विमानाची व्यवस्था त्याच्याच हाती सोपविली. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. जेट इंधनाच्या नळीचे तोंड एवढे रुंद करावे की ते पेट्रोल विमानाच्या टाकीत शिरूच नये, असा आग्रह त्यांनी धरला. त्या तोंडाला आज त्यांचेच नाव आहे. माणसाला माफी आणि चुकीला बंदोबस्त, अशी ही रीत शिक्षकांनी आणि आई-बापांनीही घेण्यासारखी आहे.

मित्रांनो, आता मी ज्या गोष्टीसाठी हा विषय निवडला तिच्याकडे येतो. सहीह मुस्लिम या हदीस-संग्रहात एक प्रसंग आहे. आपल्यापैकी अनेकांनी तो ऐकला असेल. हजरत मुहंमद पैगंबर (स.) एका धान्य विकणाऱ्याच्या ढिगाजवळून जात होते. ढीग वरून कोरडा आणि चांगला दिसत होता. त्यांनी त्यात हात घातला, तो बोटांना ओल लागली. विचारले तेव्हा विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. कारण खरे असेलही. पण ते ओले धान्य लोकांना दिसावे म्हणून वर का ठेवले नाही, असे पैगंबरसाहेबांनी त्याला विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपले नाते नाही हे स्पष्ट केले.

या प्रसंगाचा बारकाईने विचार करा. तपासणी वरून झाली नाही, आत हात घालून झाली. दोष ओल असण्याचा नव्हता. पाऊस कोणाच्या हातात आहे? दोष ओल झाकण्याचा होता. सकाळी टाकीच्या तळातून पेट्रोल काढून उजेडाकडे धरणारा मेकॅनिक दुसरे काय करतो? तोही आत हात घालून ओल पाहतो. मापात खोट करणाऱ्यांविषयी तर कुरआनात सूरह अल-मुतफ्फिफीन ही स्वतंत्र सूरहच आहे. माप-तोल आणि भेसळ यांचा विचार आपल्या धर्मात एवढ्या गांभीर्याने केलेला आहे.

आणि भेसळ ही दूरची गोष्ट नाही. मनमाडजवळच्या पानेवाडी येथे तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत. तेथेच २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी टँकरमधून चाललेली चोरी आणि भेसळीचा धंदा डोळ्यांनी पाहिला व अडविला. त्यांना भर दिवसा पेटवून ठार मारण्यात आले. त्याआधी १९ नोव्हेंबर २००५ रोजी उत्तर प्रदेशातील लखीमपूर खेरी जिल्ह्यात इंडियन ऑइलचे तरुण अधिकारी मंजुनाथ षण्मुगम यांना, भेसळीमुळे एका पंपावर कारवाई केली म्हणून, गोळ्या घालण्यात आल्या. लिटरमागे काही रुपयांसाठी माणसे माणसांना मारतात, आणि ज्यांना हे ठाऊक असते अशी माणसे तरीही नमुना तपासायला जातात. देश अशा दुसऱ्या प्रकारच्या माणसांवर उभा आहे. आपल्या मुलांपैकी कोणी पंपावर नोकरी करील, कोणी टँकर चालवील, कोणी प्रयोगशाळेत बसेल. त्याने कोणत्या बाजूला उभे राहायचे, हे ठरविण्याची वेळ नोकरी लागल्यावर येत नाही, शाळेतच येते. परीक्षेत नक्कल करून मिळविलेले गुण हे टाकीतल्या पाण्यासारखेच. गुणपत्रिका भरलेली दिसते; चढण लागली की इंजिन थांबते.

घरोघरी उपयोगी पडतील अशा चार गोष्टी सांगून ठेवतो. पंपावर शंका आली तर ग्राहकाला गाळणकागदाची कसोटी मागण्याचा हक्क आहे: पेट्रोलचा थेंब कागदावर टाकल्यास तो दोनेक मिनिटांत डाग न ठेवता उडून गेला पाहिजे. घनता पाहण्याचा आणि पाच लिटरच्या प्रमाणित मापाने माप तपासून घेण्याचाही हक्क आहे. हे शांतपणे मागावे. भांडण्याचे कारण नाही. दुसरे, हल्लीचे इथेनॉलचे पेट्रोल महिनोन् महिने साठवू नये. पेरणीपासून पडून असलेल्या फवारणी यंत्रात किंवा पाण्याच्या इंजिनात ते तसेच ठेवले तर ओल धरते. हंगाम संपला की टाकी रिकामी करावी. तिसरे, पावसाळ्यात मोटारसायकलच्या टाकीचे झाकण आणि त्याचे रबर तपासावे. चौथे, पेट्रोल पाण्याच्या बाटलीत कधीही ठेवू नये. लहान मूल तहानेले असते आणि बाटली ओळखीची असते. डबा भरायचा तर मान्य बनावटीचा, आणि जमिनीवर ठेवून. गाडीत ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात विजेचा भार साचून ठिणगी पडू शकते. विमानात इंधन भरण्यापूर्वी विमान आणि टाकी तारेने जोडून घेतात, ते याच कारणासाठी.

एक शब्द शिशाविषयी. शिसे लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. म्हणून आपल्या देशात मोटारीच्या पेट्रोलातून ते १ फेब्रुवारी २००० पासून काढून टाकण्यात आले आणि २०२१ साली अल्जीरियाने ते थांबविल्यावर जगातल्या सर्व देशांत मोटारींसाठी ते बंद झाले. छोट्या विमानांच्या एव्हगॅसमध्ये मात्र ते अजून आहे. पूर्वी आपण हे एव्हगॅस संपूर्णपणे आयात करीत होतो. सप्टेंबर २०२२ मध्ये इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या गुजरात रिफायनरीत तयार केलेले एव्हगॅस बाजारात आणले. शिशाशिवाय १०० ऑक्टेनचे पेट्रोल बनविण्याचे प्रयत्न जगात चालू आहेत. अमेरिकेत त्यातील एकाला २०२२ साली मान्यताही मिळाली. म्हणजे हा प्रश्न सुटलेला नाही. रसायनशास्त्रात रस असलेल्या विद्यार्थ्याला येथे काम शिल्लक आहे.

हे काम आपले नव्हे असे कोणी समजू नये. खनिज तेल ऊर्ध्वपातन करून त्यातून दिव्याचे स्वच्छ तेल काढण्याची कृती हकीम अर-राझी यांनी हजार-अकराशे वर्षांपूर्वी लिहून ठेवली. उर्दू लेखिका हिजाब इम्तियाज अली यांनी १९३६ साली लाहोरच्या फ्लाइंग क्लबमधून वैमानिकाचा परवाना मिळविला. आणि आपल्या शेजारच्या हैदराबादेत, बेकरीत काम करणाऱ्या बापाची मुलगी सय्यदा सल्वा फातिमा शिकून वैमानिक झाली. बारामतीसारख्या महाराष्ट्राच्या तालुक्याच्या गावीही उड्डाणाचे शिक्षण मिळते. वैमानिक होण्याचा खर्च मोठा आहे, हे मी झाकून ठेवीत नाही. पण विमान एकटा वैमानिक उडवीत नाही. त्यामागे देखभाल करणारा अभियंता असतो, इंधनाचा नमुना तपासणारा रसायनज्ञ असतो, नोंदवही लिहिणारा कारकून असतो. या वाटा गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांतून जातात, आणि मुलींनाही त्या तेवढ्याच खुल्या आहेत. पालकांना माझी विनंती एवढीच की, दहावीनंतर मुलीची शाळा बंद करू नका आणि मुलाला गणित अवघड जाते म्हणून ते सोडू देऊ नका.

तेव्हा, मोटारीचे पेट्रोल विमानात चालेल काय? इंजिन त्याजोगे असेल, परवानगी असेल आणि पेट्रोल कोरडे, स्वच्छ व ओळखीचे असेल तर चालेल. यांतली एक गोष्ट जरी नसेल तर विमान जमिनीवरच बरे. जो माणूस भल्या सकाळी, कोणी पाहत नसताना, टाकीच्या तळाचे पेट्रोल भांड्यात घेऊन उजेडाकडे धरतो आणि शंका आली तर ‘आज उड्डाण नाही’ असे साहेबालाही सांगतो, तो खरा अमानतदार. आपल्या संस्थेतून अशी माणसे घडोत, एवढी दुआ करून आपली रजा घेतो.

खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.